केजी : दोन अक्षरांमागचा माणूस

मूल तीन वर्षांचे झाले की घराघरांत एक चर्चा सुरू होते. केजीला कुठे घालायचे? ज्युनिअर केजी, सीनियर केजी हे शब्द आता मराठीच झाले आहेत. शहरातल्या सोसायटीपासून तालुक्याच्या गावापर्यंत सगळ्यांच्या तोंडी ते आहेत. पण केजी म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक जण अडखळतात. केजी हे ‘किंडरगार्टन’ या जर्मन शब्दाचे लघुरूप. किंडर म्हणजे मुले आणि गार्टन म्हणजे बाग. मुलांची बाग. ज्याने हा शब्द घडवला, त्याला शाळा हा शब्द मुद्दाम टाळायचा होता. त्याच्या बागेत पाटी नव्हती, गृहपाठ नव्हता, परीक्षाही नव्हती. तिथे लोकरीचे चेंडू होते, लाकडी ठोकळे होते, गाणी होती, माती होती आणि मुलांनी स्वतः लावलेल्या फुला-भाज्यांचे वाफे होते.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हल्ली ताप-खोकल्याच्या जोडीने आणखी एक तक्रार कानावर येते. मूल चार वर्षांचे झाले तरी लिहीत नाही, ओळीत अक्षर काढत नाही, दिवसभर नुसते खेळते. काही टॉनिक आहे का? तपासल्यावर बहुतेक वेळा मूल ठणठणीत निघते. चार वर्षांच्या बोटांकडून आपण सहा वर्षांच्या बोटांचे काम मागत असतो, एवढाच काय तो बिघाड. अशा वेळी मला फ्रेडरिक फ्रोबेल आठवतो. डी.एड.-बी.एड.च्या विद्यार्थ्यांनी त्याचे नाव परीक्षेपुरते पाठ केलेले असते. पालकांना ते माहीत नसते. आजचा लेख त्याच्याविषयी.

फ्रोबेलचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगिया या जंगलांनी भरलेल्या डोंगराळ मुलखात, ओबरवाइसबाख नावाच्या गावी झाला. जर्मनी हा तेव्हा एकसंध देश नव्हता, लहानमोठ्या संस्थानांचा समूह होता. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि सदा कामात बुडालेले. फ्रोबेल नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी दुसरे लग्न केले. सावत्र आईने सुरुवातीला माया लावली. पण तिला स्वतःचा मुलगा झाला आणि ती माया आटली. आपल्या मराठीसारखेच जर्मन भाषेतही जवळिकीचे ‘तू’ असते. ते ‘तू’ तिने टाकले आणि ती या पोराशी परक्यासारखी बोलू लागली. हा घाव इतका खोल होता की चाळिशी उलटल्यावरही त्याने तो लिहून ठेवला.

दहाव्या वर्षी त्याच्या मामाने त्याला आपल्या घरी नेले. मामाच्या गावी त्याला प्रथमच मोकळीक मिळाली, बरोबरीचे सवंगडी मिळाले. लहानपण कशाने कोमेजते आणि कशाने टवटवीत होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढची वीस वर्षे त्याने पुष्कळ धंदे करून पाहिले. पंधराव्या वर्षी वनअधिकाऱ्याच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी केली. येना विद्यापीठात शिकायला गेला, तर उधारी फिटली नाही म्हणून विद्यापीठाच्याच कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. नंतर जमिनीची मोजणी, कारकुनी अशी कामे केली. १८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकायचे म्हणून तो फ्रँकफर्टला आला आणि तिथे एका शाळेत मास्तर झाला. मुलांसमोर उभा राहताच आपण ज्यासाठी भटकत होतो ते हेच, अशी त्याची खात्री पटली. त्या काळी योहान पेस्टालॉझी या स्विस शिक्षकाचे नाव युरोपभर गाजत होते. मुलाला आधी वस्तू दाखवा, शब्द नंतर येऊ द्या, असे त्याचे तत्त्व. फ्रोबेल १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे त्याच्या संस्थेत राहिला.

यानंतर तो पुन्हा विद्यार्थी झाला, तेही स्फटिकांचा. बर्लिनमध्ये ख्रिश्चन वाइस या खनिजशास्त्रज्ञाकडे तो शिकला, मध्येच नेपोलियनविरुद्धच्या लढाईत स्वयंसेवक म्हणून गेला आणि परतल्यावर खनिज संग्रहालयात साहाय्यक म्हणून लागला. स्फटिक आपल्या अंतर्गत नियमाने वाढतो, त्याला बाहेरून आकार द्यावा लागत नाही, हे पाहताना मुलेही अशीच वाढत असतील का, हा विचार त्याच्या मनात घोळत राहिला. घन, गोल, कडा, कोन यांचे त्याला लागलेले वेडही तिथलेच. पुढे त्याने जी खेळणी बनवली, त्यांत आपल्याला हे संग्रहालय दिसते.

१८१३ मध्ये त्याचा एक भाऊ टायफस तापाने दगावला. सैनिकांची शुश्रूषा करताना त्याला तो आजार जडला होता. भावाची मुले पोरकी झाली. त्यांना शिकवण्यासाठी फ्रोबेलने नोकरी सोडली आणि १८१६ मध्ये पाच पुतण्यांना घेऊन शाळा काढली. पुढच्याच वर्षी ती काइलहाउ या खेड्यात गेली. डोंगर चढणे, बांधकाम, बागकाम, गाणे हे सगळे तिथे अभ्यासाचाच भाग होते. शाळा नावारूपाला आली. पण मोकळ्या वाऱ्याची शाळा म्हणून सरकारच्या डोळ्यांवरही आली. संशयाची कुजबुज सुरू झाली, पालक मुले काढून घेऊ लागले, कर्ज वाढले. फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेला. तिथे बुर्गडॉर्फ गावच्या अनाथाश्रमाचे काम पाहताना त्याला एक गोष्ट पक्की उमगली. मूल शाळेत येते, तोवर पुष्कळ काही घडून गेलेले असते. खरी सुरुवात त्याच्या आधीच्या वर्षांत आहे आणि त्या वर्षांकडे कोणाचेच लक्ष नाही.

ही जाणीव त्याला अनुभवातून आली. आज तिला मोजमापांचा आधार आहे. जन्मतः बाळाचा मेंदू सुमारे साडेतीनशे ग्रॅमचा असतो, प्रौढ माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत मेंदू प्रौढ आकाराच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोहोचलेला असतो. या काळात मेंदूतल्या पेशींमध्ये जोडण्या प्रचंड वेगाने तयार होतात. ज्या वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, ज्या वापरात येत नाहीत त्या गळून जातात. हात, डोळे, कान, जीभ यांना भरपूर काम मिळणे आणि समोरच्या माणसाने प्रतिसाद देणे, हे या जोडण्यांचे खाद्य आहे. लहान मुलाच्या आयुष्यात हे दोन्ही एकत्र मिळण्याची जागा म्हणजे खेळ.

१८३७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, फ्रोबेल थुरिंगियातल्या बाड ब्लँकेनबुर्ग या गावी आला. त्याला स्वतःचे मूल नव्हते. तिथे त्याने खेळणी बनवायला घेतली. त्यांना तो भेटी म्हणत असे. पहिली भेट अगदी तान्ह्यांसाठी. दोरी बांधलेले सहा मऊ लोकरी चेंडू, सहा रंगांचे. आईने तो झुलवायचा, लपवायचा, पुन्हा दाखवायचा, बाळाला पकडू द्यायचा आणि हे करताना बोलायचे, गुणगुणायचे. आपल्याकडच्या ‘बुवा कुक’सारखाच हा खेळ. यात बाळ काय शिकते? नजरेने माग काढणे, हात आणि डोळा यांचा मेळ, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात येणारी ही समज बालमानसशास्त्रात फार महत्त्वाची मानली जाते. विसाव्या शतकात जाँ पियाजेने तिचा पद्धतशीर अभ्यास केला.

दुसऱ्या भेटीत लाकडी गोल आणि घन. गोल घरंगळतो, घन बसतो. तिसऱ्या भेटीत एक मोठा घन, आठ छोट्या घनांत कापलेला. याची रीत मोठी गमतीची होती. पेटी पालथी ठेवायची, झाकण सरकवायचे आणि पेटी उचलायची. मुलासमोर आठ तुकड्यांचा मिळून एक अखंड घन उभा राहतो. मग त्याची खुर्ची करा, पूल करा, जिना करा. एक रचना मोडून दुसरी करायची नाही. आहे तिच्यातलेच ठोकळे सरकवत नवी घडवायची. खेळ संपला की पुन्हा अखंड घन करून पेटीत ठेवायचा. अर्धा, पाव, अष्टमांश हे शब्द न उच्चारता मुलाच्या हातांना ते कळलेले असतात. पुढच्या भेटींमध्ये विटांसारखे ठोकळे, तिरके कापलेले घन, फरशा, काड्या. शिवाय कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम.

एक डॉक्टर म्हणून मला यात बोटांची मशागत दिसते. पेन्सिल तीन बोटांत नीट धरून हलवण्याची पकड साधारणपणे चार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्की होत जाते. त्याआधी खांदा, कोपर, मनगट आणि तळहात यांत जोर आणि स्थिरता यावी लागते. ती माती मळून, ठोकळे रचून, दोरीला लोंबकळून, कागद फाडून येते. शेतकरी नांगरटीआधी पेरणी करत नाही. आपण मात्र मुलाच्या हातांबाबत तेच करतो आणि उगवले नाही म्हणून बियाण्याला दोष देतो.

या जागेला नाव काय द्यावे, हे फ्रोबेलला बराच काळ सुचत नव्हते. १८४० च्या वसंतात सहकाऱ्यांबरोबर डोंगरवाटेने चालत असताना खाली दरीत ब्लँकेनबुर्ग गाव दिसले आणि त्याला तो शब्द सापडला, असे सांगतात. किंडरगार्टन. २८ जून १८४० रोजी या नावाने संस्था स्थापन झाली. बागेत रोपाला ओढून मोठे करता येत नाही. माती, पाणी, ऊन द्यायचे, कीड बघायची आणि वाट पाहायची. मूल हे रोप आणि शिक्षिका ही माळीण. हो, शिक्षिकाच. या कामासाठी त्याने तरुण स्त्रियांना शिकवायला सुरुवात केली. घराबाहेरच्या नोकरीची दारे स्त्रियांना जवळजवळ बंद असलेल्या त्या काळात हे धाडसच होते. १८४४ मध्ये त्याने आयांसाठी बोटांच्या खेळांचे आणि गाण्यांचे सचित्र पुस्तक काढले. मांडीवरच्या बाळाशी खेळणे हा वेळेचा अपव्यय नाही, असे तो त्यातून आयांना सांगत होता.

लोकांना हे सगळे विचित्र वाटे. १८४९ मध्ये तो लीबेनश्टाइन या आरोग्यस्नानाच्या गावी राहायला गेला. पांढऱ्या केसांचा हा लांबट म्हातारा गावातल्या अनवाणी पोरांना घेऊन टेकडीवर जातो, त्यांच्याबरोबर उड्या मारतो, गाणी म्हणतो. गावकऱ्यांनी त्याला वेडा म्हातारा ठरवून टाकले. तिथे आलेल्या बेर्टा फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो नावाच्या सरदार घराण्यातल्या बाईंच्या कानावर ही चेष्टा आली. त्या कुतूहलाने बघायला गेल्या आणि त्याच्या शिष्या झाल्या. पुढे युरोपभर हा विचार पोहोचवला तो प्रामुख्याने त्यांनी.

आणि मग बंदी आली. १८४८ ची क्रांती नुकतीच चिरडली गेली होती आणि राज्यकर्ते सावलीला भीत होते. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने आपल्या राज्यात किंडरगार्टनवर बंदी घातली. ही बालोद्याने लहान मुलांना नास्तिकता आणि समाजवाद शिकवतात, असा आरोप होता. खरे तर कार्ल फ्रोबेल या त्याच्या पुतण्याच्या लिखाणावर सरकारचा रोष होता. मंत्र्यांनी काका-पुतण्याची गल्लत केली. फ्रोबेल स्वतः अत्यंत भाविक माणूस. त्याने खुलासे केले, अर्ज केले. चूक दाखवून दिली तरी आदेश मागे घेतला गेला नाही. एका वर्षाच्या आत, २१ जून १८५२ रोजी, मारिएनटाल येथे तो वारला. शेजारच्या श्वाइना गावी त्याच्या थडग्यावर घन, दंडगोल आणि गोल एकावर एक रचलेले आहेत. प्रशियातली बंदी उठली १८६० मध्ये. ते पाहायला तो नव्हता.

गंमत अशी की बंदीने बी दूरवर उडाले. देश सोडून गेलेल्या जर्मन कुटुंबांबरोबर किंडरगार्टन अमेरिकेत पोहोचले. १८५६ मध्ये मार्गारेटे शुर्झ यांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटरटाउन गावी आपल्या घरातच ते सुरू केले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात एका आईने फ्रोबेलचे ठोकळे पाहिले आणि आपल्या मुलासाठी घेतले. तो मुलगा म्हणजे पुढचा विख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट. त्या ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांतून कधी गेला नाही, हे त्याने आयुष्यभर मान्य केले.

फ्रोबेलचे सगळेच बरोबर होते असे नाही. भेटींचा ठरलेला क्रम, ठोकळे कसे काढायचे आणि ठेवायचे याचे नियम, हे त्याच्या अनुयायांनी इतके घट्ट पकडले की काही ठिकाणी खेळाची कवायत झाली. शिक्षिकेच्या इशाऱ्यावर सगळी मुले एकाच वेळी एकच ठोकळा उचलू लागली. खेळाचा जीव मुलाच्या मर्जीत असतो. मोठ्यांनी साहित्य द्यावे, सोबत बसावे, मुलाने टाकलेला शब्द झेलून परत द्यावा. पण खेळाची सूत्रे मुलाच्या हातात असावीत, असे आजचे बालविकासशास्त्र सांगते.

हे सांगण्यामागे ठोस पुरावा आहे. जमैका बेटावरच्या किंग्स्टन शहरात १९८६-८७ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. कुपोषणामुळे उंची खुंटलेली, ९ ते २४ महिन्यांची १२९ मुले त्यात होती. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती दर आठवड्याला तासभर जाई आणि टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांनी आईला मुलाशी कसे खेळावे ते दाखवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना यातले काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा लहानपणी खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई, तशा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा दीर्घकालीन लाभ दिसला नाही. पोटाला अन्न हवेच, त्याला पर्याय नाही. पण मेंदूलाही घास लागतो आणि तो गरिबाच्या घरातही भरवता येतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी फ्रोबेल आईच्या हाती लोकरी चेंडू देत होता, तो याच समजुतीने.

महाराष्ट्राने ही बाग आपल्या पद्धतीने लावली. मारिया माँटेसरी आणि गिजुभाई बधेका यांच्या विचारांवर पोसलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीत काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले. अंगणवाडी ती हीच. शंख-शिंपले, बिया, पाने, माती हे तिथले साहित्य. जर्मनीतल्या बागेचे आपल्याकडे अंगण झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानून त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. कागदावर आपण फ्रोबेलच्या बाजूचे आहोत. वर्गात मात्र अजूनही तीन वर्षांची मुले बाकावर बसून चार रेघांत अक्षरे गिरवतात.

पालकांनी काय करावे? महागडी खेळणी लागत नाहीत. वाट्या, पळ्या, रिकामे डबे, जुन्या साडीचा झोका, कणकेचा गोळा, भातुकली, लगोरी पुरेशी आहे. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, मणी, शेंगदाणे, नाणी, बटनाच्या आकाराचे सेल देऊ नका. ते घशात किंवा श्वासनलिकेत अडकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान तीन तास हालचालीत घालवावेत आणि त्यातला निदान तासभर दमछाक होईल असा खेळ असावा. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी मोबाइल-टीव्ही दिवसाला फार तर एक तास, दोन वर्षांखाली मुळीच नाही. आणि मूल हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा कोणाशीच, कशाशीच खेळत नसेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. मूल नुसते खेळते म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ते खेळत नसेल तर मात्र आम्हाला काळजी वाटते.

केजीच्या प्रवेशासाठी जाल, तेव्हा फी, गणवेश आणि बसची चौकशी कराच. पण पाच मिनिटे वर्गाच्या दाराशी उभे राहा. मुले बोलताहेत का? हसताहेत का? त्यांच्या हातात काय आहे? हातांत माती, ठोकळे, पाने, रंग असतील, तर शाळेच्या पाटीवरचा केजी हा शब्द खरा आहे.